मिस्त्रींचे कान

१९७१च्या उन्हाळ्यात मिस्त्रींना कमी ऐकू यायला लागलं, आणि ते सगळ्यांत आधी कळलं त्यांच्या बायकोला.

"अहो, पानं वाढलीत!" ती जिन्यावरून ओरडली. मग खाली येऊन पाठीमागे उभी राहून ओरडली. मिस्त्री हललेसुद्धा नाहीत. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून ते वाकले होते. ही त्यांची जुनी पद्धत. इंजिन कुठे ठोका चुकतंय ते त्यांना असं ऐकूनच कळे. त्या कानांसाठी लोक लांबून फटफटी ढकलत आणत.

समोरची फटफटी गुरांच्या डॉक्टरांची होती. चालता चालता ती मधेच उचकी देत होती.

"कार्बोरेटर," मिस्त्री म्हणाले.

त्यांची मुलगी चिमी टायपिंगच्या क्लासला निघाली होती. ती दारातच थबकली. "आई, कार्बोरेटर नाही गं. ठिणगी तुटतेय. ऐक ना."

"तू तुझ्या क्लासचं बघ."

चिमी या दुकानातच वाढली होती. ऑइलच्या रिकाम्या डब्यावर बसून ती पाढे म्हणायची आणि बाबांना पाने-पकडी द्यायची. मोठी झाल्यावर आईने तिला खाली जायची बंदी केली. मुलीने ऑफिसात पंख्याखाली बसावं, नखं स्वच्छ असावीत, एवढंच तिचं म्हणणं होतं. बंदी झाली त्या दिवशी मिस्त्री जेवताना एक अक्षर बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी बोलले, पण भलत्याच विषयावर.

डॉक्टर आठवडाभरात परत आले. "मिस्त्री, अहो, म्हशीपेक्षा ही जास्त अडते!"

"काय म्हणालात?"

"अडते! अडते!"

"हां. कार्बोरेटर साफ करतो पुन्हा."

त्या रात्री आईला झोप लागली नाही. दुकान या माणसाच्या कानांवर चाललं होतं. कान गेल्याचं बाहेर फुटलं तर शटर ओढावं लागेल. आणि आपल्या घरच्यांनाही ते कळलंय असं त्यांना समजलं, तर हा मानी माणूस अंथरूणच धरेल. कानाच्या डॉक्टरकडे चला म्हटलं, तर ते म्हणाले, "मला काय झालंय?" नवा कारागीर ठेवला असता, तर चार दिवसांत गावभर बोभाटा झाला असता.

सकाळी ती चिमीला म्हणाली, "दुपारी ते आडवे झाले की खाली जाऊन बघून ये. एकदाच हं. आणि जुनी साडी नेस."

चिमीने गाडी सुरू केली. हँडल डावीकडे वळवलं की इंजिन अडखळायचं आणि दिवाही मिणमिणायचा. तिने हँडलखाली हात घातला. तिथे वायर घासून आतली तार उघडी पडली होती. हँडल वळलं की ती लोखंडाला टेकायची आणि ठिणगीची सगळी वीज तिथेच जिरायची. चिमीने तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळली, वायर सैल करून नीट बांधली. इंजिन एका सुरात बोलायला लागलं.

एकदाचं काम एकदाच थोडंच राहतं! मिस्त्री सकाळी भलतंच निदान करत आणि दुपारी चिमी खरं दुखणं शोधून काढी. झोपायला जाताना मिस्त्री हत्यारांची पेटी उघडीच टाकून जात. "विसरायलाही लागलेत," म्हणत आई पदर डोळ्यांना लावी.

आई आधी जिन्यात पहारा द्यायची. मग बॅटरीचा उजेड धरायला लागली. एक दिवस प्लग हातात घेऊन म्हणाली, "हा काळा पडलाय. म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, नाही का गं?" चिमी हसून हसून खाली बसली. टायपिंगचा क्लास कधी सुटला ते कुणाच्या लक्षात आलं नाही, की कुणी लक्षात आणून दिलं नाही.

एकदा चिमी कोपरापर्यंत काळी झालेली असताना डॉक्टर लवकर उगवले, आणि नेमके मागून मिस्त्रीही उतरले. आई मधे आडवी झाली. "अहो, वर पंखा आवाज करतोय!"

"काय?"

"पंखा!"

"शंख? कशाला?"

तोवर डॉक्टरांनी किक मारून पाहिली होती. "वा, चिमे! तुझ्या बापाला जमलं नसतं."

"श्श! डॉक्टरकाका, हळू!"

"त्यांना कुठे ऐकू येतंय!" डॉक्टर म्हणाले आणि मिस्त्रींकडे वळून ओरडले, "झकास केलीत गाडी!"

"कार्बोरेटरच होता," मिस्त्री समाधानाने म्हणाले. चिमीच्या काळ्या हातांकडे त्यांनी पाहिलं की नाही, कोण जाणे.

पुढे डॉक्टर निवृत्त झाले, पण ती फटफटी त्यांनी कुणाला विकली नाही. तिला हात लावायचा तो चिमीनेच, असा त्यांचा दंडक होता. चिमीचं लग्न एका ड्रॉइंग मास्तरांशी झालं. आपल्यापेक्षा बायकोच्या हातांना जास्त रंग असतो, असं ते सगळ्यांना सांगत. पुढे दुकानाच्या पाटीवर चिमीचं नाव आलं. ते रंगवून घेताना आईच रंगाऱ्याच्या डोक्यावर उभी होती, अक्षर मोठं काढ म्हणून. "यांचे कान गेल्याचं आपल्याला ठाऊक आहे, हे यांना मात्र शेवटपर्यंत कळता कामा नये," असं ती चिमीला बजावत राहिली. मिस्त्री दुकानातून उठले आणि वरच्या गॅलरीतल्या खुर्चीत बसले.

तिथेच एका दुपारी चिमी त्यांच्या गोळ्या घेऊन गेली. त्यांची तिच्याकडे पाठ होती, डोळे मिटलेले होते. आई आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. लांब, चौकाच्याही पलीकडे, कुणाची तरी मोटारसायकल येत होती.

"कॉइल," मिस्त्री पुटपुटले. "तापली की दगा देतेय. तुझ्याकडेच येईल बघ आता."

चिमी जागच्या जागी उभी राहिली. "बाबा?" तिचा आवाज जेमतेम ओठांबाहेर आला.

"हळू बोल," मिस्त्री म्हणाले. "तुझ्या आईला अजून वाटतं, मला ऐकू येत नाही."