ओळीच्या टोकाचं रोप

"शून्य?" भाची खुर्चीतून ताडकन उठली. "असा कसा शून्य येईल?"

पडद्यावर मात्र शून्यच होतं. स्ट्रॉबेरीच्या दोन रोपांचे जीनोम शेजारीशेजारी ठेवून संगणकानं अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं होतं. एक रोप मूळकुजीनं मेलेलं, त्याचं पान फ्रीझरमध्ये जपून ठेवलेलं. दुसरं जिवंत, ठणठणीत, अगदी उर्मट म्हणावं इतकं हिरवंगार. आणि दोघांत दखल घ्यावी असा फरक एकही नाही!

हे जिवंत रोप आत्याचं. आत्याची रोपवाटिका होती आणि तीत तिनं स्वतः निवडून निवडून तयार केलेली एक जात होती. तीस वर्षं लागली होती तिला. फळाला वास असा, की पेटी उघडली की रस्त्यावरची माणसं माना वळवायची. दीड वर्षापूर्वी रोग शिरला आणि अकरा हजार रोपं महिन्याभरात झोपली. उरलं एक, शेवटच्या ओळीच्या अगदी टोकाचं. ते म्हातारं रोप नवे रनर, म्हणजे जमिनीवर सरपटत जाऊन नवं रोप धरणारे फुटवेही सोडेना, आणि आत्या त्याला कुणाला हात लावू देईना. फार फार तर एक पान न्या, म्हणाली.

रोपं सगळी एकाच आईची, रनरवर वाढवलेली. म्हणजे जन्मतः सारखी. मग हे एकच वाचलं, त्याअर्थी त्याचंच एखादं जनुक आपोआप बदललं असणार. ते शोधायचं, बस्स! प्रयोगशाळेच्या सरांनी मान डोलावली आणि भाची कामाला भिडली. काम सोपं नव्हतं. माणसात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, स्ट्रॉबेरीत आठ. आठ जुळ्या भावंडांची दप्तरं एकाच खोलीत उपडी करावीत आणि कुठली वही कुणाची ते सांगा म्हणावं, तसली गत. पण आत्यानं एकदाच विचारलं होतं, "माझी जात परत मिळेल ना गं?" आणि हिनं छातीठोकपणे "मिळेल" म्हणून सांगितलं होतं.

"नमुन्यांची अदलाबदल झाली असेल," सर म्हणाले.

"तीनदा करून पाहिलं, सर. पानं मी कापली, लेबलं मी लावली. चौथ्यांदा केलं तर यंत्रच मला हाकलून देईल."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे त्या रोपात काहीही खास नाही. संपलं. दीड वर्ष पाण्यात गेलं."

भाचीला रडूच यायला लागलं. आता आत्याला कुठल्या तोंडानं सांगायचं? ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. काहीही खास नाही. अकरा हजार रोपांसारखंच एक रोप. तरी ती मेली आणि हे जगलं! तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"सर, तुम्ही आत्ता काय म्हणालात?"

"पाण्यात गेलं म्हणालो."

"अहो, त्याच्या आधी!"

सर काही बोलणार तेवढ्यात तिचा फोन वाजला. आत्याच होती, आणि मागं कसलीतरी घरघर चालली होती.

"काय गं, लागला का निकाल? इथं ती वाफवाली माणसं आलीत. ताडपत्री अंथरून झाली. तुझे सर म्हणाले होते तसं सगळ्या वाफ्यांची माती वाफेनं शिजवून काढतोय, म्हणजे रोगाचं नाव उरायचं नाही. ते शेवटचं रोप तेवढं उपटते, मुळं स्वच्छ धुते आणि डब्यात घालून तुझ्याकडे धाडते."

"आत्या, त्या रोपाखाली काय आहे?"

"सोनं पुरलंय! काय असणार? माती."

"बाकीच्या वाफ्यांसारखीच?"

"आता काय सांगू? तो कोपरा पहिल्यापासून आगाऊच आहे. तिथलं तणसुद्धा मरता मरत नाही, उपटून उपटून माझी कंबर मोडली."

भाचीनं सरांचा दंड गच्च धरला. तिला हसू येत होतं आणि शब्द सुचत नव्हते. "सर, ते जनुकात असतं तर त्या एकट्याचंच असतं! नाही ना जनुकात? मग ते मातीत आहे, रोगाला अडवणारे कुठलेतरी बारीक जीव! मातीतलं कुठल्याही रोपाला देता येतं! पुन्हा अकरा हजार लावली तरी सगळी जगतील!"

सर उभे राहिले. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "अगं, पण ती माती आता..."

"आत्या!" भाची फोनमध्ये ओरडली. "वाफ बंद करायला सांग! आधी ते बंद कर! आणि त्या रोपाला हात लावू नकोस, मुळं तर मुळीच धुऊ नकोस!"

आत्यानं का, कशाला, काहीसुद्धा विचारलं नाही. पलीकडून तिचा आवाज कडाडला, "ए बाबा, थांबव ते यंत्र! थांबव म्हणते ना!" कुणीतरी कुरकुरलं. आत्यानं त्याला दोन शब्द सुनावले. घरघर हळूहळू थांबली. मग बराच वेळ नुसता धापा टाकल्याचा आवाज येत राहिला.

"केलं बंद," आत्या म्हणाली. "शेवटची ओळ राहिली होती, बाकीची झाली. आता सांग तरी, माझ्या रोपात एवढं काय सापडलं?"

"काही नाही, आत्या!" भाची आनंदानं किंचाळली. "त्यात काहीच सापडलं नाही!"