पाद्रीणबाईंना विचारा

"वॉशरूम कुठे आहे?"

पहिला प्रश्न नेहमीचाच. मिसेस व्हिटकोम्बनी कणकेतले हात न काढता भुवया उंचावल्या. "ते काय असतं?" चौथीचा अख्खा वर्ग खिदळला. बोलणं अर्थात सगळं इंग्रजीत.

कॅनडात मिसिसागातल्या या जुन्या पाद्रीघराचं आता संग्रहालय झालंय; उंबरठा ओलांडला की साल १८५१. आतल्या माणसाला पुढचं काही ठाऊक असायचं नाही, हा नोकरीतला पहिला नियम. वीज नाही, फोन नाही, कॅनडा नावाचा स्वतंत्र देशसुद्धा अजून व्हायचाय. पायघोळ करडा झगा, पांढरी टोपी, एप्रन घातला की रचना ही रेव्हरंड व्हिटकोम्ब यांची, इंग्लंडातून आलेली पत्नी. इंग्लंडातली बाई इतकी सावळी कशी, हे मुलं विचारत नाहीत. मोठी माणसंही विचारत नाहीत, फक्त तेवढा वेळ खिडकीबाहेर बघतात.

आज त्या वर्गात तिची स्वतःची लेक होती. सकाळी डबा घेताना गौरांगीने बजावलं होतं, "आई, प्लीज, मला ओळखू नकोस." रचनाने कबूल केलं होतं. त्यामुळे दुसऱ्या रांगेतल्या जांभळ्या जॅकेटवरून तिची नजर इमानदारीने पुढे सरकत होती.

अस्वलं येतात का, साबण घरी करता का, असं सगळं विचारून झालं. मग जांभळ्या जॅकेटातला हात वर झाला.

"मिसेस व्हिटकोम्ब, तुमच्या नवऱ्याला इथे पाठवलं तेव्हा तुम्हाला यायचं होतं का?"

टीचरनी कौतुकाने मान डोलावली. रचनालाही बरं वाटलं. याचं उत्तर तर तिला तोंडपाठ होतं. आई, बहिणी, पियानो, सगळं मागे सोडून आले. "पाद्र्याच्या बायकोला कोण विचारतं, बाळ? त्याला पाठवतील तिथे तिने जायचं."

"आणि आता त्यांना परत दुसरीकडे पाठवलं तर?"

कणकेतले हात थांबले.

रचनाच्या नवऱ्याला, देवेशला, दूरच्या विंडसर शहरात एका कारखान्यात मोठी जागा मिळाली होती. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. रोज जेवणं झाली की स्वयंपाकघरातला पंखा मोठा करून दोघं भांडत. असा चान्स पुन्हा येणार नाही, हे त्याचं. सहा वर्षांनी मनासारखं काम मिळालंय, मी हलणार नाही, हे तिचं. काल गाडी इथवर आली होती की त्याने एकट्याने जावं, तिने राहावं. राहता राहिली गौरांगी. ती माझ्याकडे, असं दोघंही म्हणाले. भांडण शुद्ध मराठीत चाले. पोरगी घरात सगळ्याला इंग्रजीतच उत्तर देते, 'जेवायला चल'च्या पुढचं मराठी तिला कळत नाही, याबद्दल दोघांचं कधी नव्हे ते एकमत होतं.

लेकी बोले सुने लागे, ही म्हण रचनाने ऐकली होती. इथे लेकच बोलत होती.

"तर या वेळी," ती म्हणाली, "मिसेस व्हिटकोम्ब नाही म्हणेल."

मुलांनी "ओऽऽ" केलं. टीचर जरा गोंधळल्या.

"मग मुलं कोणाकडे राहणार?"

"आईकडे. आणखी कोणाकडे?"

उत्तर देऊन बसल्यावर तिला आठवलं, तेव्हा कायद्याने मुलं बापाची असत. ट्रेनिंगमध्ये हे दोनदा सांगितलं होतं.

"तुम्ही मुलांना विचारलंत?" गौरांगीने हात खाली घेतला नव्हता. आवाज अगदी शाळेतला, परीक्षेत शंका विचारावी तसा. टेबलाला वळसा घालून त्या पोरीला जवळ घ्यावं असं रचनाला फार वाटलं. पण सगळा वर्ग बघत होता, आणि सकाळी ओळखणार नाही म्हणून कबूलही केलं होतं. ती झटकन १८५१मध्ये परत गेली.

"आमच्या काळात मुलांना विचारत नाहीत."

हे मात्र पुस्तकाबरहुकूम होतं. टीचरचा जीव भांड्यात पडला. "पाहिलंत?" त्या वर्गाला म्हणाल्या, "तुम्ही किती नशीबवान आहात!"

निघताना दारात एकेकाने गुडघे वाकवून पाद्रीणबाईंचा निरोप घ्यायचा, अशी इथली पद्धत. मुलांना हे फार आवडतं. कोणी धडपडतं, कोणी मुद्दाम जमिनीपर्यंत जातं. रचना पिठाचे हात एप्रनमध्ये धरून प्रत्येकाला मान लववत होती. जांभळं जॅकेट सगळ्यात शेवटी आलं.

गौरांगीने व्यवस्थित, शिकवल्यासारखे गुडघे वाकवले. "गुड डे, मॅम."

रचनाने मान लववली.

मग खालीच बघत, कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, पोरगी मराठीत म्हणाली, "आत्तापण नाही विचारत."