एका मापाचे फोटो

“सुरकुत्या कमी केल्यात आज्जी, आणि कपाळावरचा तो हिरवट डागही काढून टाकलाय,” असं म्हणत गोरक्षनं स्क्रीन राहीबाईकडे वळवली.

श्रीरामपुरातल्या त्याच्या फोटो स्टुडिओत राहीबाई खुर्चीच्या कडेला ताठ बसली होती. पाठ टेकून बसायची तिला सवयच नव्हती. मागे लेक बिभीषण उभा. स्क्रीनवर दोन चेहरे शेजारी शेजारी होते. डावीकडे तिचा नवरा रंगनाथ, साखर कारखान्याच्या पासावरचा, काळा-पांढरा, खांद्यावर शिक्क्याची अर्धी कड. अठ्ठाविसाव्या वर्षीच थांबलेला. त्याचा तेवढाच एक फोटो, तोही टपालाच्या तिकिटापेक्षा जरासा मोठा. उजवीकडे ती स्वतः, पंचाहत्तरीच्या दिवशी नातवानं मोबाईलवर काढलेली. दाराएवढी केली तरी फुटणार नाही अशी.

म्हणूनच तर सगळ्या घराला तो फोटो दाराएवढा हवा होता. राहीबाईनं तो बेत हाणून पाडला. रंगनाथचा फोटो बिभीषणनं मागे दोनदा मोठा करून आणला होता. दोन्ही वेळा नाक कुठं, डोळे कुठं, पत्ता नाही. माणूस पिठाच्या गिरणीत उभा केल्यासारखा. तेव्हा तिनं घरात सांगून टाकलं, की उद्या मी गेले की मला दाराएवढी टांगाल आणि शेजारी तुमच्या बापाला चिमणीएवढा. त्यांना मोठं करता येत नसंल तर मला त्यांच्या मापाची करा. एका चौकटीत, एका मापाचे.

आता ती त्या मापाची झाली होती खरी. पण स्क्रीनवरची बाई तिच्या ओळखीची नव्हती. गाल गुळगुळीत, कपाळ कोरं.

“डाग कुठला रं?” तिनं विचारलं.

गोरक्षनं भाबडेपणानं स्क्रीनवर बोट ठेवलं, दोन भुवयांच्या बरोबर मधे.

राहीबाईनं पदर खांद्यावर आवळून घेतला. बिभीषणनं पंख्याकडे बघायला सुरुवात केली. आईनं पदर आवळला की पुढं काय येतं ते त्याला ठाऊक होतं.

“माझं कुंकू पुसलं तवा घरभर बाया जमल्या हुत्या,” ती म्हणाली. “त्यांनाबी ह्ये गोंदण पुसता आलं न्हाई. तू बसल्या जागी पुसलंस व्हय?”

गोरक्षचा हात माऊसवरून खाली आला. खालमानेनं त्यानं मूळ फोटो पुन्हा उघडला. त्यात गोंदण होतं. वर ठिपका, खाली चंद्राची कोर, इतक्या वर्षांत शेवाळासारखं विटलेलं. पण फोटो लहान केला की ते सुरकुत्यांत विरघळून जायचं. त्यानं चाचरत समजावलं, की एवढ्या लहान मापात बारीक गोष्टी टिकत नाहीत, एकमेकींत मिसळून जातात. चेहरा छान आला म्हणजे झालं. इतक्या जवळून बघणार तरी कोण?

“ज्यांच्या शेजारी बसायचंय ते बघतील,” राहीबाई म्हणाली. “त्यांनी ह्ये पांढरं डोस्कं पाह्यलेलं न्हाई. ही बसलेली गालफडं न्हाई. तेवढं गोंदण पाह्यलंय. तेच काढलंस तर म्हनतील, कुनाची म्हातारी आनून बसवली माझ्याजवळ.”

पाहिलं होतं म्हणजे कसं! नवी नवरी घरात आली तरी लाजून गडी कितीतरी दिवस तिच्याशी बोललाच नव्हता. मग एकदा विहिरीवर आला, भरलेली घागर उचलून दिली आणि कपाळाकडं बघत विचारलं, गोंदताना लई दुखलं का? ती नाही म्हणाली. साफ खोटं. गोंदताना तिनं रडून गाव गोळा केलं होतं. पण हे काही श्रीरामपुरात येऊन सांगायचं नव्हतं.

गोरक्षनं पुन्हा बैठक मारली. आता फोटो एकदम लहान न करता तो थोडा थोडा खाली आणत गेला, दर वेळी थांबून कपाळ बघत. शेवटी त्यानं फोटोची धार वाढवली. गोंदण उगवलं, पण सोबत चेहऱ्याला उन्हाळ्यातल्या रानासारख्या भेगा पडल्या आणि केसांभोवती पांढरी रेघ उठली.

“इळाबी एवढा घासत न्हाई कुनी,” राहीबाई म्हणाली. “हात हलका ठेव.”

गोरक्ष पहिल्यांदाच हसला. त्यानं हात हलका केला.

प्रिंट आली, कापून झाली. दोन्ही फोटो एकावर एक ठेवले तर कडेला कड. राहीबाईनं आपला फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. एवढं बारीक तिला दिसत नव्हतं, आणि ते ती कुणाजवळ कबूल करणार नव्हती. तिनं फोटो बिभीषणच्या हातात दिला.

“बघ, कडा नीट कापल्यात का.”

बिभीषणनं चष्मा चढवला आणि फोटो दारातल्या उजेडात नेला. बापाच्या जवळजवळ दुप्पट वयाच्या त्या लेकानं फोटोतलं आईचं कपाळ निरखलं.

“दिसतंय, आई,” तो म्हणाला. “ठिपकाबी अन् कोरबी.”

“मी कुठं इचारलं?” राहीबाई म्हणाली.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर तिनं पाकीट उघडलं. गोरक्षनं दोन्ही फोटो पाठीला पाठ लावून घातले होते. तिनं एक उलटा केला, तोंडासमोर तोंड ठेवलं आणि पाकीट मिटून कनवटीला खोचलं. बिभीषण बघत होता.

“ओळखू दे तुझ्या बापाला निवांत,” ती म्हणाली. “पुणतांबं येईस्तवर येळ हाय.”