तळ्याचं तीर्थ

तीर्थाची पळी तोंडात पडली आणि भावकीतल्या त्रिंबकतात्यांचं तोंड वाकडं झालं. "म्हाळसाबाई, हे तर खारट मीठ हाय की!"

करमाडच्या त्या अंगणात मावंद्याची पंगत बसायची होती. म्हाळसाबाई धाकट्या सुनेला, मेघाला घेऊन लडाखला जाऊन आली होती. धाकटा लेक राम तिथं फौजेत. डोंगरांच्या पार माथ्यावर निळंशार तळं, पलीकडं बर्फ. एवढ्या उंचावर महादेवाशिवाय कोण राहणार, म्हणून म्हातारीनं ते पाणी बाटलीत भरून आणलं, देव्हाऱ्यात ठेवलं आणि काशीहून आल्यावर घालतात तसं मावंदं घातलं.

थोरली सून शालू चुलीपाशी पुऱ्या तळत होती. शेळ्या व्यायला झालेल्या, म्हणून ती घरी राहिली होती. राहिली कसली, ठेवली होती! आल्यापासून मेघाचा फोन गावभर हातोहात फिरत होता. फोटोत तळं कमी आणि मेघाच जास्त. शालूच्या अंगाचा नुसता तिळपापड. या घरात राबता राबता केस पिकायला आले, पैठणच्या पलीकडं पाऊल नाही, आणि ही कालची पोर संभाजीनगरहून विमानात! परवा नळावर ती चारचौघींत बोलूनही गेली होती, "आग लागो त्या तळ्याला." आता ते बोलणं अंगाशी आलं.

"बाटली देव्हाऱ्यातच व्हती," म्हाळसाबाई म्हणाली. "कुणी हात लावला?"

सगळ्यांच्या माना चुलीकडं वळल्या.

"शालू, मीठ कालवलंस व्हय गं?" विचारलं कुणी, तर तिच्याच नवऱ्यानं, अजिनाथनं. आख्ख्या भावकीसमोर!

शालू झारा हातात धरूनच वळली. "लेकराची आन, मी शिवले बी नाय."

कुणालाच खरं वाटलं नाही. "देवाच्या पाण्यात मीठ! घर बसंल अशानं," तात्या पुटपुटले.

तेवढ्यात मेघा मान खाली घालून पुढं आली. "आत्याबाई, ते पाणी मुळातच खारट आहे. मी तिथंच चाखलं होतं. तुम्ही एवढ्या हरखल्या होत्या, मला सांगवलं नाही."

आधी तात्या हसले, मग सगळं अंगण हसलं. शालूला मात्र हसू येईना. वाचवलं तेही हिनंच! म्हणजे आता चांगुलपणाही हिच्याच पदरात. आळ आला तेव्हा जळली नसेल एवढी ती आता जळली.

म्हाळसाबाई उठून चुलीपाशी आली. सुनेच्या तोंडावरून हात फिरवून तिनं कानशिलावर बोटं मोडली. "माझीच मती फिरली गं बाय. तुझ्या मनातसुदिक असलं काय नसतं, मला ठावं हाय."

गप्प बसली असती, तर त्या दिवशी शालू गावातली सगळ्यात गुणाची सून ठरली असती. तिनं कढईतली पुरी उलटली.

"मनात लई व्हतं, आत्याबाई," ती म्हणाली. "मिठाचं तेवढं सुचलं नाय."