कौन आई?

दिल्लीचे मोठे साहेब विलासच्या घरी जेवायला आले होते. तेवढ्यात त्याची आई दगडाबाई शहागंजातून भाजीची पिशवी घेऊन दारात उभी राहिली.

"कौन है?" साहेबांनी विचारलं.

"आई," विलास पुटपुटला.

"कामवाली आई? अच्छा हुआ, चाय बनवाओ."

विलास नुसता हसला.

शहागंजात भाजी विकण्यात दगडाबाईचा जन्म गेला होता, तिला दोन्ही भाषा कळत होत्या. किडक्या वांग्याकडं बघावं तसं तिनं लेकाकडं बघितलं. मग आत जाऊन चहा केला आणि कप साहेबांपुढं ठेवला.


"लेव साहब. पैदा हुआ तबसे इसकाच काम करी," चपला पायात सरकवत ती म्हणाली, "आजसे छोड़ दी."