शेजारचा पट्टा

विमान चालवायला शिकवणाऱ्या मास्तरांनी एका विद्यार्थिनीच्या पत्राला चार महिने उत्तर दिलं नव्हतं.

ती पहिल्यांदाच एकटी उडाली होती आणि हवेतच इंजिन बंद पडलं. तिनं विमान नांगरलेल्या शेतात सुखरूप उतरवलं.

‘सर, शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा तुम्हीच आवळून बांधला होतात,’ तिनं लिहिलं होतं. ‘उतरल्यावर पाहिलं, तर सुटलेला. कोण होतं, ते कळल्याशिवाय मी पुन्हा उडणार नाही.’

इंजिन बंद पडलं त्या वेळी मास्तर तळावर रेडिओपाशी जीव मुठीत धरून बसले होते. ती सुखरूप उतरल्याचं कळल्यावर ऑपरेटर त्यांच्या मातीनं भरलेल्या बुटांकडे बघून हसला होता, “मास्तर, बसल्या खुर्चीत नांगरट केलीत की काय?”

आज त्यांनी भीतभीत लिहिलं, ‘पोरी, खुशाल उड. या खेपेला तो पट्टा सैलच ठेवीन.’

आणि पत्र पेटीत टाकलं.