जुन्या फळ्या

शेवटची फळी शेगडीत गेली आणि भिंतीवरचा फोन वाजला.

रॉइसनं हात पँटला पुसले आणि फोन उचलला.

“स्ट्राउड बोलतोय. फळ्या काढल्यास?”

“काढल्या, मिस्टर स्ट्राउड. ट्रकचा हौदा मोकळा केला. आता गंज खरवडायला घेतो.”

“जुन्या फळ्यांचं काय?”

रॉइसनं शेगडीकडं पाहिलं. जाळ चांगला लागला होता. ट्रक सोडून जाताना स्ट्राउड एवढंच म्हणाला होता, जुनं काढ, नवं ओकचं लाकूड घाल. फळ्या ठेव असं काही म्हणाला नव्हता. पण आता त्याच्या आवाजात काहीतरी होतं. याच माणसानं गुरांच्या लिलावात फाटक नीट लावलं नाही म्हणून एकाची बोटं त्याच फाटकात चेपली होती, आणि सगळा ओक्लाहोमा बघत उभा होता.

“आहेत की,” रॉइस म्हणाला. “ठेवल्यात.”

पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला.

“सगळ्या?”

“एकूण एक.”

“हात लावू नकोस. उद्या सकाळी येतो.”

फोन ठेवताना रॉइसला तो दोनदा ठेवावा लागला. पहिल्यांदा खुंटीवर बसलाच नाही.

त्याची बायको नडीन शेडच्या दारात उभी होती. “कुणाला खोटं बोललास?”

“स्ट्राउडला. त्याला जुन्या फळ्या पाहिजेत.”

“मग सांग की जाळल्या म्हणून. तुझी शेगडी काय आज पेटलीय? अख्ख्या परगण्याला ठाऊक आहे, तू जुन्या लाकडावर कॉफी करतोस.”

“तू सांग त्याला. तुझी बोटं धड आहेत अजून.”

नडीन हसली नाही. “बापाचा ट्रक असेल. लोकांचा जीव अडकतो अशात. त्याचा गडी लायल असता तर विचारलं असतं, तो बरा होता. पण तोही म्हणे टेक्सासला गेला, तेलाच्या विहिरींवर. कुणाला भेटला पण नाही जाताना.”

“मला फळ्या पाहिजेत, नडीन. लायलचं पुराण नको.”

“मग डुकरांच्या कुंपणाच्या काढ. माझ्या लग्नाच्या आधीपासून उन्हात आहेत.”

दुपारभर दोघं त्यालाच लागले. रॉइसनं कुंपणाच्या फळ्या मापात चिरल्या. कडांना खाच पाडली, जिथं लोखंडी पट्ट्या बसतात. बोल्टची भोकं पाडली. नवा काप पिवळा दिसत होता, म्हणून नडीननं भांडी घासायची तारेची घासणी व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली होती, ते पाणी त्यानं कापांवर फासलं. लाकूड बघता बघता काळपट पडलं. भोकांभोवती गंजाची कडी उठवायला त्यानं जुने बोल्ट ओले करून चोळले. एक भोक वाकडं गेलं, ती फळी टाकून दुसरी घेतली.

“फारच साफ दिसतात,” नडीन म्हणाली. “वासरं नेतो तो यातून. डाग कुठंयत?”

“मधल्या फळीवर होता एक. मोठा, काळा. तेलाचा असेल. मी कुठं निरखून बघतोय?”

“कुठपर्यंत?”

रॉइसनं बोटानं दाखवलं. नडीननं जळलेलं ऑइल आणलं, त्यात मुरवलेल्या बीटचं पाणी ओतलं आणि फडक्यानं मनापासून चोळलं. फळीवर पाय रगडून मागं सरली, मान तिरकी करून पाहिलं.

“आता खुद्द त्याच्या बापालाही ओळखू येणार नाही.”

रात्री रॉइस जेवला नाही. मक्याची भाकरी ताटातच राहिली.

सकाळी स्ट्राउड आला तो एकटाच. टोपी काढली नाही. नडीननं घराच्या पायरीवरून हात केला, त्यानं नुसतं तिच्याकडं पाहिलं आणि शेडमध्ये शिरला.

फळ्या भिंतीला ओळीनं टेकवल्या होत्या. स्ट्राउड त्यांच्यासमोरून हळूहळू चालत गेला. मधल्या फळीपाशी थांबला. गुडघ्यावर बसला. डागावर हात ठेवला नाही, नुसता जवळ नेला.

ओळखलं यानं, रॉइसला वाटलं. आता संपलं.

“याच त्या,” स्ट्राउड म्हणाला.

रॉइसला हसूच फुटणार होतं. “याच. दुसऱ्या कुठून असणार?”

“हा डाग. तू पाहिलास हा?”

“पाहिला तर. काढताना पहिल्यांदा तोच दिसला. पुसला नाही, तासला नाही. होता तसा ठेवलाय.”

“आणखी कुणी पाहिला?”

“छे! बाहेरचं कोणी नाही.” रॉइसची भीड चेपली होती, जीभ आपोआप चालायला लागली. “नडीननं तेवढा पाहिला. तिचं लक्ष बारीक. तीच म्हणाली, या फळीला जप, हिला काही होता कामा नये.”

स्ट्राउड उठला. गुडघ्यावरचा भुसा त्यानं सावकाश झटकला. शेगडीपाशी जाऊन त्यानं तिचं झाकण उचललं, आतल्या गार राखेकडं पाहिलं आणि झाकण परत ठेवलं. पहिल्यांदाच त्याचा चेहरा थकलेला दिसला.

“तिला आत बोलाव,” तो म्हणाला.

“कॉफी आणायला सांगू?”

“नुसतं बोलाव.”

रॉइसनं हाक मारली. नडीन एप्रनला हात पुसत आली. ती आत आल्यावर स्ट्राउडनं शेडचं मोठं दार ओढून घेतलं आणि अडसर घातला.

“गावातला सुतार सोडून इतक्या लांब तुझ्याकडं आलो, रॉइस,” तो म्हणाला, “कारण सगळे सांगत होते, तू जुनं लाकूड संध्याकाळपर्यंतसुद्धा ठेवत नाहीस.”